कशाने बंद पडतो ते सांगा

अंध मुलांच्या शाळेत ठिपक्यांची पुस्तकं छापणाऱ्या बाईंना सगळे छपाईबाईच म्हणत. खरं नाव पगारपत्रकापुरतं. राग नाकाच्या शेंड्यावर, आणि एखादी गोष्ट मनात घेतली की तिचा पिच्छा पुरवल्याशिवाय सोडणार नाहीत, अशी ख्याती. घरी नवरा म्हणे, "हिच्याशी वाद घालण्यापेक्षा मी भांडी घासतो." आणि खरंच घासायचा.

तर बुधवारी सकाळी बाईंच्या संगणकाने मान टाकली. वीस मिनिटं चालला आणि पडदा काळा. लगेच सुरू केला तर पाचच मिनिटं. दहावीतल्या एका मुलीचं गणिताचं पुस्तक अर्धं छापून झालं होतं आणि उरलेली सगळी भूमिती या डबड्यात अडकली होती. परीक्षा सोमवारी. इतिहास कुणी वाचून दाखवला तरी चालतो. त्रिकोण वाचून दाखवून कळत नाही, त्याच्यावरून बोट फिरावं लागतं.

दुरुस्तीवाला आला, उभ्या उभ्याच बघून म्हणाला, "बाई, चौदा वर्षं झाली. म्हातारा झालाय, टाकून द्या."

"अहो, कशाने बंद पडतो ते सांगा. म्हातारा झाला हे काय कारण झालं? उद्या मलाही तेच सांगाल!"

टाकून देणं सोपं नव्हतंच. ठिपके ठोकणारं छपाईयंत्र संगणकाच्या मागच्या रुंद जोडणीतूनच हुकूम घेई, आणि नव्या संगणकांना ती जोडणी नसते. दुरुस्तीवाला संध्याकाळी येतो म्हणून सटकला. बाईंनी वही उघडली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झालं ते लिहायचं. आधी प्लग बदलला: वीस मिनिटं. लगेच वायर बदलली: पाचच मिनिटं. छपाई न करता नुसता चालू ठेवला: तरीही बंद. अर्धा तास विश्रांती दिली, तर गडी पुन्हा पूर्ण वीस मिनिटं चालला. म्हणजे हा तापतोय, एवढं बाईंना कळलं. पण कशाने तापतोय?

गाण्याचे मास्तर दारातून जात होते. त्यांना दिसत नाही, पण कान असे की शिपायाच्या चपलेवरून त्याचा मूड ओळखावा. ते थांबले. "बाई, पंखा फिरतोय, पण वारा कुठे जातच नाहीये. उशीत तोंड खुपसल्यासारखा आवाज येतोय."

बाईंचा चेहरा पडला. दोन महिन्यांपूर्वी त्यांनीच सुताराकडून लाकडी पेटी करून घेतली होती, आतून गोधडी ठोकलेली. शेजारच्या वर्गातली मुलं कानांनी शिकतात, त्यांना यंत्राची ठोकठोक नको, म्हणून यंत्र आणि संगणक दोन्ही त्या पेटीत कोंबले होते. मुलांच्या मायेपोटी बाईंनी संगणकाचा गळा दाबला होता.

"अगं बाई, मीच की!" त्या म्हणाल्या, आणि त्यांना खरंच रडू आलं. मग डोळे पुसून त्यांनी पेटीचं झाकण उपटून काढलं. संगणक बाहेर टेबलावर आला, पण वायर आखूड, म्हणून यंत्राची पेटीही उघडी ठेवणं भाग होतं. ठोकठोक सगळ्या मजल्यावर घुमू लागली. मास्तर हसले, "चार दिवस आम्ही याच तालावर गाऊ."

आता संगणक तासभर टिकू लागला. तासभरच. संध्याकाळी दुरुस्तीवाल्याने तो उघडला आणि आतल्या पट्टीवरचे वीज साठवणारे तीन छोटे डबे दाखवले. त्यांची टोकं फुगली होती. "उष्णतेने गेले. बदलता येतील, पण सामान यायला आठवडा लागेल. आणि पुढे किती टिकेल, देव जाणे."

बाईंना कारण मिळालं होतं. पुढे काय करायचं ते मुख्याध्यापिका विचारायला आल्या तेव्हा बाईंचं ठरलेलं होतं. "बदलायचा. पण सोमवारनंतर. आणि नवा कोरा नको, ही रुंद जोडणी असलेला जुनाच शोधा, फक्त धडधाकट. तोवर हा तासभर चालेल, अर्धा तास झोपेल, आणि मी इथून हलणार नाही."

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. शनिवारी दुपारी शेवटच्या पानावरच्या गणिताच्या अकरा ओळी उरल्या असताना पडदा काळा झाला. बाईंनी अर्धा तास थांबून बटण दाबलं. मग पाऊण तास थांबून. पंखासुद्धा हलला नाही.

बाईंनी कपाटातून ठिपके टोचायची पाटी आणि टोचा काढला. चौदा वर्षांत हात लावला नव्हता. शेजारी साधं छापील पुस्तक उघडून ठेवलं. कागदाच्या मागून, उजवीकडून डावीकडे, प्रत्येक अक्षर उलटं टोचायचं. एक ठिपका चुकला की तिनाचा चार होतो. पहिली ओळ दोनदा फाडावी लागली. शाळा सुटली, मुलगी पुस्तक न्यायला आली आणि बाकावर बसून राहिली. बाई टोचत राहिल्या. अकरावी ओळ टोचून झाली तेव्हा त्यांचा अंगठा सुजला होता.

मुलीने पानावरून सावकाश बोटं फिरवली, मग परत मागे जाऊन फिरवली. "बाई, हे खालचं हाताने काढलंत?"

बाई झटकन पानावर वाकल्या. "कुठे चुकलंय?"

"चुकलं नाहीये. मी मनात सोडवून पाहिलं," मुलगी म्हणाली, "उत्तर येतंय."