बोअरचं पाणी

गरम काचेवर भिजलेल्या धुळीचा वास आला, की मला एरंडोलपुढचा तो रस्ता आठवतो. माझा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून माझी बायको शालिनी पहिल्यांदाच धुळ्यापर्यंत गाडी चालवत होती. त्या दिवशी शाळेत हजर झाली नसती, तर तिची नेमणूक रद्द झाली असती.

रस्त्याचं काम चालू होतं. केळीचे ट्रक चिखल उडवत होते. तिने काचेवर पाणी मारायचं बटण दाबलं. मोटर घरघरली, पण पाणी येईना.

“मोटर तर वाजी ऱ्हायनी, मंग पाणी कोठे अटकनं?” म्हणत तिने गाडी कडेला घेऊन बॉनेट उघडलं, नळी सोडवली आणि मला बटण दाबायला सांगितलं. चिळकांडी थेट तिच्या नव्या साडीवर उडाली. म्हणजे नळी मोकळी होती, काचेवर पाणी उडवणारी तोटी बुजली होती.

“बोअरचं पाणी तुम्हीच भरलं ना? पाहा हे क्षार!”

मी ओशाळलो. गाडीची निगा मीच राखतो, असं तिला रोज ऐकवायचो. तिने पदराची पिन काढून तोटी मोकळी केली.

शाळेच्या फाटकावर शिपायाने मलाच विचारलं, “सर, हजर व्हायला आलात?”

“मॅडम आल्यात,” मी म्हणालो, “आणि मलाही त्यांनीच आणलंय.”