औषधांचा डबा दाखवा बघू

कांबळे मॅडम कुणाच्याही घरी गेल्या की पाण्याचा तांब्या बाजूला सारायच्या. म्हणायच्या, "आधी औषधांचा डबा दाखवा बघू."

कुरुळीत आमच्याकडे त्या आल्या, तेव्हा सोबत फार्मसीच्या पहिल्या वर्षाची दहा-बारा मुलं होती. विषय सार्वजनिक आरोग्याची तोंडओळख. त्याचा पहिला तास वर्गात घ्यायचाच नाही, हा मॅडमचा नेम.

माझा डबा पेढ्यांचा, आणि मी आमच्या खोल्यांतल्या साऱ्या भाडेकरूंची डॉक्टर! वय नुकतंच साठ, म्हणजे अक्कल यायला बराच अवकाश होता. कुणाला काही दुखलं की मी कात्रीने पट्टीचा तुकडा कापून द्यायचे. एका गोळीसाठी अख्खी पट्टी कोण देतं? डबा मी असा उघडला, जणू दागिनेच दाखवतेय.

मॅडमनी एक तुकडा उचलला. "ही कशाची?"

"अंगदुखीची. गुलाबी आहे ना."

"आणि ही गुलाबी?"

"ती ह्यांची, शुगरची."

दोन्ही तुकडे त्यांनी माझ्या मुठीत दिले. "हलवा. आता सांगा, कुठली कुठली?"

मूठ उघडली. नाव नाही, तारीख नाही. सगळं कात्रीने गेलेलं. आणि मला संतोष आठवला. लातूरकडचा आमचा भाडेकरू. आठवड्यापूर्वी पाठ धरली म्हणून त्याने गोळी नेली, उपाशीपोटी घेतली आणि शिफ्टला निघताना दारातच घामाघूम होऊन कोसळला. ह्यांची शुगरची गोळी त्याच दिवशी एक कमी पडली होती. मी साखरेचं पाणी पाजलं, तो उठून बसला. "काकू, तुमच्यामुळं वाचलो बगा!" आणि ही बया आठवडाभर ते कौतुक गल्लीत सांगत फिरत होती.

गप्प बसता आलं असतं. पण मॅडम इतक्या उत्सुकतेने बघत होत्या की मी सगळं सांगून टाकलं.

त्या रागावल्या नाहीत. मुलांना म्हणाल्या, "लिहून घ्या, हे पुस्तकात नाही." मग मला हळूच, "ताई, संतोषला सांगाल?"

"नाही सांगितलं तर?"

"तर तो पुन्हा तुमच्याकडेच गोळी मागेल."

संध्याकाळी सांगितलं. तो ओसरीवर टेकला. मग म्हणाला, "काकू, चहा पाजा. पर गोळी नको बगा."

तेव्हापासून दर वर्षी पहिला तास आमच्या ओसरीवर. डबा माझा, फजिती माझी.

गेल्या वर्षी मॅडम अंथरुणाला खिळल्या. भेटायला गेले, त्यांच्या लेकीने पाणी आणलं, मी ते बाजूला सारलं. "डबा दाखवा बघू." सगळ्या पट्ट्या अखंड, नावं वर. तळाशी मात्र कापलेला एक तुकडा.

"ही कशाची?"

मॅडमनी तो डोळ्यांजवळ नेला, उलटासुलटा केला. "आठवत नाही हो!" आणि ठसका लागेपर्यंत हसल्या. "मुलांना सांगा हं."

ती आमची शेवटची भेट. मागाहून त्यांच्या लेकीने तो डबा माझ्याकडे दिला. यंदा पहिल्या तासाला ओसरीवर मी दोन डबे मांडले.