आधी बघ, मग उचल

आमच्या शेजारच्या फ्लॅटमधले अंकल जमिनीवर पडलेली वस्तू कधी पटकन उचलत नसत. लिफ्टसमोर आईच्या हातून किल्ल्या पडल्या, तर हे आधी गुडघे धरत खाली बसणार, त्या कुठे नि कशा पडल्यात ते बघणार आणि मगच उचलून देणार. तेवढ्यात लिफ्ट निघून जायची. "आधी बघ, मग उचल," असं ते मलाही सांगत. मला ती म्हातारपणाची खोड वाटायची.

अंकल मूळचे वसईचे. आखातात, रास अल खैमाच्या सिमेंट कारखान्यात जन्म काढून ते आमच्या डिस्कव्हरी गार्डन्स वसाहतीत मुलीकडे, लिझादीदीकडे, राहायला आले होते. पण ऐन तरुणपणी दोन वर्षं त्यांनी अमेरिकेत एका उत्खननावर मोजणीचं काम केलं होतं. त्या खंडात पहिली माणसं कधी पोहोचली, याचा तिथे शोध चालला होता. तिथल्या प्रमुख बाईंना अंकल नुसतं मॅडम म्हणत. इतर सगळे मानत त्याहून फार आधी तिथे माणूस आला, असं मॅडमचं म्हणणं होतं, आणि त्यापायी लोक त्यांना हसत.

पुढचं त्यांनी मला एकदाच सांगितलं. मी चौदा वर्षांची असेन. रास अल खैमाच्या एका वादीत, म्हणजे नदीच्या कोरड्या पात्रात, आम्ही सहलीला गेलो होतो. मी एक धारदार दगड उचलून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो घेतला नाही, नेमका कुठून उचललास एवढंच विचारलं. मला सांगता येईना. "इट्स जस्ट अ स्टोन, अंकल," मी म्हटलं. ते शेजारच्या खडकावर बसले.

उत्खननात अगदी खालच्या, म्हणजे सर्वांत जुन्या थरापाशी त्यांना माणसाने घडवलेलं दगडी पातं दिसलं होतं. आनंदाच्या भरात त्यांनी ते उचललं. फोटो नाही, माप नाही, आणि उचलताना कडेची माती ढासळली. पातं त्या थरातलंच की वरून घसरलेलं, हे सांगू शकणारे एकटे अंकल. मॅडमनी विचारलं. त्यांनी 'तिथलंच' म्हटलं असतं, तर मॅडमच्या हाती आयुष्यात प्रथमच भक्कम पुरावा आला असता.

"मला वाटत होतं तिथलंच आहे. पण मी बघितलं कुठे, बेटा? डोळ्यांच्या आधी हात गेला होता. मी 'माहीत नाही' म्हटलं. मॅडमनी वहीत तेच लिहिलं. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत."

पुढे दुसऱ्या जागी, दुसऱ्यांना तितके जुने पुरावे मिळाले. मॅडम तोवर राहिल्या नव्हत्या. ती बातमी अंकलनीच मला वाचून दाखवली आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले. एवढं खरं बोलून काय मिळवलंत, असं मी तेव्हा रागाने विचारलं होतं. आज मी त्याच विषयाचा अभ्यास करते आणि त्या प्रश्नाची मला लाज वाटते.

मागच्या महिन्यात अंकल हॉस्पिटलमध्ये वारले. चर्चमधून परतल्यावर लिझादीदी त्यांचं टेबल आवरायला लागली.

"दीदी, एक मिनिट," मी म्हटलं आणि वही काढली. चष्मा, उघडा, पेपरच्या डाव्या कोपऱ्यावर, काचा खिडकीकडे. पेनाचं टोपण काढलेलं. चहाचा कप, अर्धा. दीदी रडत होती, पण थांबली. सगळं लिहून झालं. मग उचलायला मात्र दोघींपैकी कोणाचाच हात पुढे होईना.