पाठमोरं देऊळ

आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावात रामधन पेंटर कुठल्या भिंतीवर आहे, त्यावरून किती वाजले ते कळायचं. सकाळी तो पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंती रंगवायचा आणि दुपार कलली की पूर्वेकडच्या. तापलेल्या भिंतीवर रंग ओढला जात नाही, ब्रश जागीच अडतो आणि अक्षराला दात पडतात, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे त्याची दोन-तीन कामं कायम अर्धवट पडलेली असायची आणि तो सावलीबरोबर गावभर सरकत राहायचा. खतवाल्याच्या भिंतीवर 'उत्पन्न' लिहून झालेलं असायचं आणि 'दुप्पट' राहून गेलेलं. खतवाला त्याच्या नावानं बोटं मोडत बसायचा. खांद्यावर शिडी घेऊन जाता जाता रामधन म्हणायचा, "सुकू द्या जरा, शेटजी." कशालाही त्याचं हेच उत्तर होतं.

माणूस उंच, काटक आणि कायम थकलेला. म्हणजे तरुणपणीही थकलेलाच असणार, मी त्याला पाहिलं तेव्हा तो पस्तिशीकडे झुकला होता. नखांत रंग, सदऱ्याला रॉकेलचा वास. दुकानांच्या पाट्या, जीपच्या मागचे दोन डोंगर आणि त्यांच्या मधला सूर्य, लग्नघराच्या दारावरचे भालदार-चोपदार, गावच्या नाटकाचे पडदे, सगळं तोच करायचा. जीपवाल्यांना दुसरं काही सुचायचंच नाही. एकदा तो मला म्हणाला होता, "भाऊ, तेच दोन डोंगर काढून काढून मला आता खऱ्या डोंगराचाबी कंटाळा येऊन राहिला."

नव्वदीच्या सुरुवातीला मी जीप स्टँडसमोर फोटो स्टुडिओ टाकला. स्टुडिओ म्हणजे एक खोली, एक शटर, दोन छत्रीचे दिवे आणि कर्जाऊ उत्साह. मागे लावायला पडदा हवा होता आणि मला सिद्धेश्वर धरणाचा हवा होता. नवी जोडपी तेव्हा हौसेनं धरणावर फिरायला जात. ज्यांना जमत नव्हतं त्यांना मी धरण गावातच दाखवणार होतो. मी रामधनला बोलावलं. त्यानं खोलीत येऊन भिंतीला तळहात लावला आणि म्हणाला, "धरण न्हाई काढत मी."

मी विचारलं, काहून?

"त्याच्या पोटात आमचं गाव हाय. पाणी काढलं का गाव झाकते. म्हनसाल तर गाव काढून देतो."

मी आळशी माणूस. दुसरा पेंटर शोधायचा तर वारंगा फाट्यावर ट्रक रंगवणाऱ्यांकडे जावं लागलं असतं. शिवाय जोडप्यामागे गाव असलं काय न् धरण असलं काय, माझं काय जात होतं? मी हो म्हटलं.

त्यानं मांजरपाटाला सरस आणि खडूची पूड चोपडली, ती वाळवली आणि कामाला लागला. खोलीत सावलीचा प्रश्न नव्हता, तरी सवयीनं भर दुपारीच यायचा. कारण तेवढ्या वेळात बाहेर कुठल्याच भिंतीला सावली नसायची. पडद्यावर हळूहळू गाव उभं राहिलं. खालच्या कडेनं ओढा येत होता आणि डावीकडे वळून जात होता. त्यापलीकडे धाब्याची घरं, एक मोठा लिंब, दूर पूर्णेचं पात्र आणि बरोबर मध्यात मारुतीचं देऊळ. पण देऊळ पाठमोरं. शिखर दिसायचं, मागची भिंत दिसायची, भिंतीला टेकवलेली एक मोडकी बैलगाडी दिसायची, दार मात्र दिसायचं नाही. मला ते विचित्र वाटलं. लोक देवाच्या पाठीसमोर उभं राहून फोटो काढून घेतील का? तो म्हणाला, "मला असंच दिसते." वरून, सुकू द्या जरा.

आणि पडद्याचा डावा कोपरा, जिथं ओढा वळत होता त्याच्या पुढचा, त्यानं रिकामा ठेवला. नुसता मातीचा रंग फिरवून सोडून दिला.

त्या कोपऱ्याची गोष्ट मला पुढे कळली, तीही तुकड्यातुकड्यानं. रामधन तांड्यावरचा. त्या बुडालेल्या गावाजवळच त्यांचा बंजाऱ्यांचा तांडा होता, कधीकाळी बैलांवर धान्य आणि मीठ वाहणाऱ्या लोकांचा. धरणाचं पाणी आलं तेव्हा हा शाळेतही जात नव्हता. गाव उठून माळावर गेलं, त्याला नवी वस्ती आणि नवा मारुती मिळाला. तांडा मात्र फुटला. कुणी पुसदकडे गेलं, कुणी सडकेच्या कामावर गेलं ते तिकडचंच झालं. बाप आधीच गेलेला, आई वर्षभरात गेली आणि याला मामानं गोरेगावजवळच्या आपल्या तांड्यावर वाढवलं. गाव त्याच्या डोळ्यासमोर लख्ख होतं, पण आपलं स्वतःचं घर त्याला आठवत नव्हतं. ते कुठं होतं, दार कुठल्या बाजूला होतं, काहीच नाही. ते घर त्याला एकदा काढायचं होतं. एवढंच त्याचं मागणं होतं, आणि त्यासाठी जुन्या तांड्यावरचं कुणीतरी माणूस भेटायला हवं होतं.

पडद्याची बातमी नव्या वस्तीवर पोचली आणि म्हातारीकोतारी माणसं जीपनं येऊ लागली. त्यांच्यात लग्नानंतर जोडप्याला मारुतीच्या पायावर घालायची रीत. मूर्ती नव्या देवळात आणली होती, पण जुन्या लोकांचं मन जुन्या जागेतच अडकलेलं. ते नवरा-नवरीला माझ्याकडे आणायचे, पडद्यापुढं उभं करायचे, आणि फोटो काढायच्या आधी दोघांना पडद्याकडे वळून हात जोडायला लावायचे. मग चुका काढायला बसायचे. त्यांत गंगाराम आबा नावाचे शेतकरी सगळ्यांत पुढे. लिंब इतका जवळ नव्हता. पाटलाच्या घराला दोन नाही, एकच खिडकी होती. रामधन सगळं ऐकून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी येऊन दुरुस्ती करायचा. पाटलाची एक खिडकी त्यानं मुकाट्यानं बुजवली.

देवळाचं मात्र त्यानं ऐकलं नाही. आबा दर वेळी विषय काढायचे.

"आरं, देवाची पाठ काहून काढली? बराबर दार तर दिसू दे."

"मला पाठच दिसते, आबा."

"तुला कशाचं देऊळ दिसलं? तुमी तांड्याची माणसं गावात कवा येत होते?"

आबांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. जे होतं ते आबा सहज बोलून गेले, आणि म्हणूनच मला ते लागलं. रामधनला लागलं की नाही ते कळलं नाही; त्यानं फक्त विचारलं, तांडा कुठं होता ते तरी सांगा. आबांनी हात डावीकडे हलवला. ओढा ओलांडून, तिकडं कुठंतरी. कुणाचं घर कुठं, ते त्यांना काय ठाऊक? आयुष्यभर शेजारी राहून आबा एकदाही तांड्यात गेले नव्हते. पाटलाच्या खिडक्या मोजणारी ही माणसं तांड्याबद्दल विचारलं की सगळीच डावीकडे हात हलवायची. म्हणून रामधननं तो कोपरा राखून ठेवला होता.

मी वैतागून एकदा म्हटलं, "पेंटर, चार खोपट्या टाक आणि मोकळा हो. कोण बघतंय?"

"राजवाडा खोटा चालते भाऊ. नाटकाचे किती काढले, एकबी राजवाडा पाह्यला न्हाई. घर खोटं न्हाई चालत."

अशी कितीतरी वर्षं गेली. दुपारी तो यायचा, कॅमेऱ्याच्या स्टँडशेजारी शटरच्या पट्टीला टेकून जमिनीवर बसायचा, फडकं सोडून ज्वारीची भाकरी आणि ठेचा खायचा आणि पडद्याकडे बघत राहायचा. मी स्टूल द्यायचो, तो घ्यायचा नाही. आत पंख्याखाली ये म्हणायचो, यायचा नाही. "हितंच बरं वाटते," म्हणायचा. कधी तिथंच मान टाकून झोपून जायचा. झोपेतही त्याचा चेहरा कामावरून आल्यासारखा दिसायचा. माझ्याकडे आलेल्या तांड्यावरच्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला तो विचारायचा, तो नसला तर मी विचारायचो. बहुतेक जण दुसऱ्याच तांड्यांचे निघायचे.

मग फ्लेक्स आलं. हिंगोलीत यंत्र बसलं आणि रात्रीत पाट्या छापून यायला लागल्या, त्यावर माणसाचे फोटोसुद्धा. लग्नघरचे भालदार-चोपदार गेले, नाटकं तर आधीच बंद पडली होती. रामधन विजेच्या खांबांवर नंबर लिहू लागला, शाळेला चुना मारू लागला. चुन्याला सावली लागत नाही, तरी तो सावलीनंच फिरायचा. त्याला खोकला लागला. शिडीच्या वरच्या पायरीवर जाणं त्यानं सोडलं, त्यामुळे भिंतींचा वरचा भाग कळकट राहायचा आणि लोक बोलायचे. मला त्याची दया यायची आणि दया आली की मी उगाच त्याच्यावर खेकसायचो. माझंही बरं नव्हतं. पोरं स्टुडिओत येऊन मागे परदेशातलं बर्फ मागायची. मीही एक छापील पडदा आणला, पण जुना काढवला नाही. नवा त्याच्यावरून सोडायचो आणि दुपारी वर गुंडाळून ठेवायचो.

अशाच एका दुपारी, दिवस कलल्यावर, सेनगावकडची एक म्हातारी नातवाबरोबर निराधार योजनेच्या पगारासाठी फोटो काढायला आली. पुनीबाई तिचं नाव. हातात कोपरापर्यंत बांगड्या, डोळ्यांत पाणी झिरपणारं. तिला बसवलं, तर ती मागे वळून पडद्याकडेच बघत राहिली. मी नेहमीचा प्रश्न विचारला. ती म्हणाली, व्हय, आमचा तांडा हितलाच. हिरासिंगच्या घराला लागून आमचं घर.

हिरासिंग म्हणजे रामधनचा बाप. मी तिला चहा सांगितला, हलू नका म्हणालो आणि चप्पल न घालताच निघालो. कुणाला विचारायची गरज नव्हती. ऊन पश्चिमेला गेलं होतं, म्हणजे तो शाळेच्या पूर्वेकडच्या भिंतीवर असणार. तिथंच होता. मी सांगितलं तेव्हा त्यानं ब्रश बादलीत ठेवला आणि माझ्यामागून चालू लागला. अर्ध्या वाटेत त्याला दम लागला, तेव्हा आम्ही थोडा वेळ एका ओट्यावर बसलो. तो हाताचा चुना निपटून काढत होता.

दोघं आधी आपल्या भाषेत बोलले. म्हातारीनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. मग त्यानं मलाही कळावं म्हणून मराठीत विचारलं, आणि कोपऱ्याकडे बोट केलं, "मावशी, हे ठेवलंय तांड्यासाठी. आमचं घर कुठं घेऊ?"

"तिथं काय घेतो? तिथं बाभळी होत्या नुसत्या."

"मग आपला तांडा?"

पुनीबाई उठली. पडद्याकडे पाठ केली आणि आमच्या दिशेनं, कॅमेऱ्याच्या स्टँडकडे, शटरकडे हात केला.

"ह्या अंगाला. तुमचं घर पैलं, ओढ्याच्या काठालाच. तुझी याडी, तुझी माय, दारात बसून टाके घालायची, तू तिच्या मांडीवर. तवा समोर हे आस्संच दिसायचं. देवळाची पाठ, अन् ती मोडकी गाडी. लेकरा, तू दारातूनच तर काढलं हे."

रामधन पडद्याकडे बघत होता, मग शटरकडे, मग पुन्हा पडद्याकडे. मला एकाएकी त्याच्या सगळ्या दुपारी आठवल्या आणि मी तोंड फिरवून दिव्याची वायर सारखी करू लागलो. खरं सांगायचं तर मला रडू येत होतं. तो सावकाश गेला आणि आपल्या नेहमीच्या जागी, पट्टीला टेकून, खाली बसला. "म्हनून," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं त्या कोपऱ्यात बाभळी काढल्या आणि पडदा पुरा झाला. मग मला म्हणाला, माझा एक फोटो काढ. इतक्या वर्षांत त्यानं कधी काढून घेतला नव्हता. मी म्हटलं, उभा राहा पडद्यापुढं.

"पडद्यापुढं न्हाई भाऊ. तू जा तिकडं. मी घरी बसतो."

मग मी कॅमेरा उचलून पडद्याला पाठ लावून उभा राहिलो, आणि तो शटरपाशी बसला. मागे माझं शटर, कॅलेंडर, छत्रीचा दिवा. चेहरा तसाच थकलेला, पण दिवसभराचं काम आटोपून दारात टेकलेल्या माणसाचा.

त्यानंतरच्या हिवाळ्यात तो गेला. खोकला वाढत गेला आणि शेवटी छातीत भरला. त्याचा मुलगा पुण्याला कामाला होता. दिवसकार्यासाठी आला आणि फ्लेक्स करायचं म्हणून फोटो मागायला माझ्याकडे आला. मी त्याला तोच फोटो दिला, दुसरा नव्हताच. तासाभरानं त्यानं हिंगोलीहून फोन केला. फ्लेक्सवाला म्हणतोय, काका, मागं ते शटर बरं दिसत नाही. ते काढून सिद्धेश्वरचं धरण टाकतो, एकदम भारी दिसेल. टाकू का?

मी म्हटलं, "नको रे. शटर राहू दे. ते त्याचं घर आहे."