तीन पाण्यांचे फरकमामा

‘गटाराचं पाणी’ असं कुणी म्हटलं की फरकमामा पुढचं ऐकतच नसत. समोरच्या बाईच्या घरात पाणी शिरलेलं असे, भांडी तरंगत असत, आणि मामा शांतपणे विचारत, “कोन्तं पानी? सांडपानी, मैलापानी का पावसाचं? फरक हाय.” या ‘फरक हाय’वरूनच ऑफिसनं त्यांचं नाव पाडलेलं. ते आमचे सॅनिटरी इन्स्पेक्टर आणि मी त्यांचा हाताखालचा माणूस. सात वर्षं सोबत काढली. खरं सांगायचं तर त्यातली सहा दात आवळून.

मोरीतून आणि न्हाणीतून येतं ते सांडपाणी. संडासातून, सेप्टिक टाकीतून येतं ते मैलापाणी. रस्त्याकडेच्या उघड्या नालीत पावसाचं आणि सांडपाणी सोडता येतं, मैलापाणी नाही. त्याला शोषखड्डा हवा. नियम एवढाच. पण आमच्या सीमेलगतच्या तेलुगू मुलखात कागद तेलुगूत, ठेकेदार हिंदीत, तक्रार मराठीत, आणि तिन्ही पाण्यांना मिळून सगळ्यांच्या तोंडी एकच ‘मुरुगु कालुवा’, म्हणजे गटार. मामा वैतागत. “तेलुगूत लिवा नाहीतर इंग्रजीत लिवा, पानी थेच राह्यते. नाव चुकलं का पानी भलत्याच्या घरी जाते.”

नालीला पाइप जोडायच्या परवानगीच्या फॉर्मवर ‘बाहेर पडणाऱ्या पाण्याचा प्रकार’ असा एक रकाना असे. बाकीचे तो खुर्चीत बसून भरत. मामा कपड्यांची नीळ घेऊन जागेवर जात, ती पाण्यात कालवून घरमालकाच्या संडासात ओतत आणि मग बाहेर नालीच्या काठी उकिडवे बसत. नालीत निळं आलं की समजायचं, मैलापाणी. मेच्या उन्हात तासभर मीही शेजारी. घड्याळ पाहिलं की म्हणत, “काऊन रे बाबू, कुठं जाचं हाय तुले? पानी घाई नाही करून राह्यलं, तू कायले करतं?” एकदा एक म्हातारी ओट्यावरून म्हणाली, “भाऊ, येवढी नीळ संडासाले घालन्यापरीस आमच्या बुढ्याच्या धोतराले घातली असती त.” मामांनी तिलाही पाण्याचे तीन प्रकार समजावून सांगितले. म्हातारी उठून आत गेली.

माझ्या लग्नातही त्यांनी सोडलं नाही. नेरडीगोंड्याला पंगत उठली. सासऱ्यांनी हात जोडून विचारलं, “जेवन कसं झालं, मामा?” मामा म्हणाले, “बेस झालं. पर हात धुयाचं पानी तुमी विहिरीकडं काढून देलं.” पुढची पंगत तासभर खोळंबली. नवरदेव म्हणून मी हार घालून चर खणणाऱ्यांकडे बघत बसलो होतो. सासरे अजून त्यांना ‘थे नालीवाले’ म्हणतात.

हे सगळं हसत सांगतोय, पण पुढचं तसं नाही.

मामा लेकीच्या बाळंतपणासाठी आठ दिवस रजेवर गेले. एका तीन मजली इमारतीचा फॉर्म आला. मालक घाईत होता. त्यानं मला काही दिलं नाही, मी मागितलंही नाही. मला फक्त एकदा नीळ, उकिडवं बसणं आणि फरक यांच्यावाचून काम होतं हे दाखवायचं होतं. न जाता, न पाहता मी रकान्यात ‘सांडपाणी’ लिहिलं, मामांचा शिक्का मारला आणि त्यांच्या वतीनं सही केली.

पावसाळ्यात त्या नालीच्या खालच्या अंगाच्या गल्लीत घरोघरी लेकरांना कावीळ झाली. तिथल्या बोअरमध्ये इमारतीच्या सेप्टिक टाकीचं पाणी उतरत होतं. लेकरं दवाखान्यातून परत आली, सगळी आली, पण चौकशी लागली. वरच्या साहेबांनी मला विचारलं, “पाहणी केली होती?” मी म्हणालो, “मामांनी फोनवर सांगितलं, सांडपाणी लिही म्हणून.”

“म्या नाही सांगतलं,” मामा म्हणाले.

“फोन आला होता का?” साहेबांनी त्यांना विचारलं.

फॉर्म भरला त्या दिवशी मी त्यांना फोन केला होता हे खरं. कपाटाची किल्ली कुठं आहे ते विचारायला. ‘नाही’ म्हटलं असतं तर मामा सुटले असते. ते म्हणाले, “आल्ता.” साहेबांना तेवढं पुरलं.

निवृत्तीला आठ महिने राहिले होते. मामांच्या सेवापुस्तकात शेरा पडला आणि त्यांना जन्म-मृत्यूच्या खिडकीवर बसवलं. शेवटच्या दिवशी डबा उचलून ते आपल्या गावच्या, बाजारहत्नूरच्या बसमध्ये बसले. मी स्टँडवर गेलो नाही.

गेल्या वर्षी त्यांच्या जागेवर मी आलो. त्या इमारतीची जुनी फाईल काढली तर कळलं, तेव्हा बोअर बंद केली, पण इमारतीचा पाइप अजून त्याच नालीत होता. कागदावर ते अजून सांडपाणीच होतं. नोंद बदलायची तर ती कुणी आणि कशी केली, हे लिहून देणं भाग होतं.

अर्जाचा कच्चा मजकूर घेऊन मी बाजारहत्नूरला गेलो. मामा रागावतील किंवा माफ तरी करतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि ‘अनवधानाने चूक झाली’ या ओळीवर बोट ठेवलं.

“हे चूक नोको लिवू. पाहून बी भलतं लिवलं, तं थे चूक. तू पाह्यलंच नाही. अन् साहेबापुढं बोल्ला थे खोटं. खोटंच लिव.” मग आत हाक मारली, “अवो, चहा टाका. ह्याले अर्ज लिवाचा हाय पुन्हा.”

इतक्या वर्षांनी मन मोकळं करायला गेलो, तर या माणसानं मजकूर सुधारायला बसवलं. मनात चिडत मी त्यांच्यासमोर तो लिहिला. माफ केलं का, हे मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

मग पंधरा दिवस तो कागद खिशातच राहिला. सोळाव्या दिवशी मामा गेल्याचा फोन आला.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी तो तेलुगूत उतरवून आवकच्या टेबलावर दिला. तिथल्या पोरसवदा कारकुनानं वाचला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “सर, ‘अबद्धम्’ कायको? झूठ बोला बोलके कौन लिखता? ‘पोरपाटु’ लिखो, चूक हो गई बोलके. बस होता.”

मी म्हणालो, “चूक नहीं थी.”

त्यानं अर्जावर आवकचा शिक्का मारला.