फक्की मारली, पण मैदान तिरपं

मंगळवारी आमच्या पाटोद्याजवळच्या शाळेत खो-खोचं मैदान आखायचं काम माझ्या गळ्यात पडलं. गणिताच्या मॅडम ना, मग मोजमाप त्यांनीच करायचं...

खरं सांगते, कंटाळून गेले होते. सकाळीच सातवीतल्या राणीची आई येऊन गेली होती. आठ दिवसांत ऊसतोडीला निघायचं, तर लेकीला मागे ठेवावं का, एवढंच तिला विचारायचं होतं.

"हिला गणित येतं का, मॅडम? येत नसंल तर संगं नेते."

मी भूमितीचा पेपर काढला... वीसपैकी तीन. "नाही हो ताई, अवघड आहे," म्हणाले. अठरा वर्षं हेच बोलतेय, आता तोंडातून आपोआप निघतं.

दुपारी टेपने चारही बाजू मोजल्या, फक्की मारली. राणी बाजूला उभी होती. "मॅडम, तिरपं झालंय," म्हणाली.

मी चिडलेच. टेप खोटं बोलते का? तिने गुपचूप दोरी घेतली, एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ताणली आणि गाठ मारली. मग उरलेल्या दोन कोपऱ्यांत ताणली, तर गाठ हातभर अलीकडेच राहिली.

आयताचे कर्ण समान असतात! महिनाभर फळ्यावर हेच घोकून घेत होते. पेपरात तो प्रश्न राणीने कोरा सोडला होता... आणि मैदानावर मी.

"कुणी शिकवलं गं?"

"तिरपं तर डोळ्यालाच दिसतंय की. दोरीचं आईनं दावलं, उसाच्या फडावर राहायला कोपी बांधताना. न्हाई तर ताडपत्री पुरत न्हाई, लई वारं येतं आत."

भूमितीची समज उपजत असते की शिकवावी लागते, असं एका प्रशिक्षणात आम्हाला विचारलं होतं. जांभया देत काहीतरी खरडलं होतं तेव्हा. राणीकडे थोडं उपजत होतं, थोडं आईचं. माझं काहीच नव्हतं.

शाळा सुटल्यावर तशीच पाय ओढत तिच्या घरी गेले. "ताई, राणीला गणित येतं. तुम्ही परत येईपर्यंत तिला हंगामी वसतिगृहात ठेवा," म्हटलं.

आई कोयत्याला धार लावत होती. हात थांबवून म्हणाली, "मग सकाळी कामून न्हाई म्हणालात?"

"चुकलं माझं," म्हणाले. तिने कोयता बाजूला ठेवला आणि फॉर्म मागितला.

राणी राहिली. थकवा काही गेलेला नाही... पण तीन मार्कांवर मी त्या पोरीच्या हातात कोयता देणार होते, हे आठवलं की अंगावर काटा येतो. त्या दुपारी ती गप्प बसली नाही, याचे उपकार मी कसे फेडू?