ताटाबाहेरची चार शिते

मधुमेह आटोक्यात यावा म्हणून डॉक्टरांनी दिवसाला आठशे कॅलरींचा आहार नेमून दिला, त्याचा आज बारावा दिवस. पानात वाटीभर भाजी आणि मूठभर भात. हा अन्याय आहे, असे खरमरीत पत्र त्यांना लिहिण्यासाठी मी मनात मुद्दे जुळवत होतो. त्याच संतापात ताटाभोवती पाणी फिरवले आणि चित्राहुती घातली. बाहेर ठेवलेली ती चार शितेही आज जिवावर आली.

"अहो, जेवा आता. रागाने पोट भरत असतं, तर तुम्हाला आजवर स्वयंपाक लागलाच नसता," पत्नी म्हणाली.

शितांच्या मागावर एक मुंगी आली. मांडी घातलेल्या माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर चढली, नखापाशी थबकली आणि पलीकडे उतरली. मला ती दिसली. जाणवली मात्र नाही. मधुमेहात पायांची संवेदना हळूहळू जाते, असे डॉक्टर म्हणाले होते.

नोटीस दारावर डकवली की ती बजावली गेली, असे कायदा मानतो. आपण वाचलीच नाही, ही सबब तेथे चालत नाही. माझ्या दारावर ही नोटीस केव्हापासून लागलेली असेल?

"थोडा भात वाढू? एका दिवसाने काय होतंय?" पत्नीने विचारले.

मी ताटावर हात आडवा धरला.